दहावा माणूस

तमाम नागपूरकरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, रामदासपेठेतल्या आमच्या प्रार्थनेच्या खोलीच्या दारात उभं राहून, मनगटावरचं घड्याळ ठोकत "उशीर झाला तुले" असं म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. लोक वाटेल तेव्हा येतात. अनर्थ झाला आहे.

म्हणणारे होते आमचे काका, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. आम्ही मराठी बोलणारे ज्यू. आमच्यात पुरुष नऊच, आणि दहा जमल्याशिवाय पूर्ण प्रार्थना होत नाही. जी काय होई ती काका चालवत, वडिलांकडून कानांनी उचललेल्या चालीत, सुटलेल्या एक्स्प्रेसच्या वेगानं. समोर डॉक्टर असो की वकील, काकांना सगळे 'तू'.

मग रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले. घराणं कोकणातलं, शिक्षण परदेशातलं, वय काकांच्या मुलाएवढं. आम्ही दहा झालो. काका सोडून सगळे हरखले. रब्बींचा आवाज असा, की शेवटच्या 'आमेन'ला उगवणाऱ्या बायका आधी येऊन खुर्च्या धरू लागल्या. त्यांत खुद्द आमच्या काकूही होत्या.

"आवाज गोड असला म्हणून देव जास्त ऐकून राहिला का?" काकांनी मला विचारलं.

"काका, ते अर्थ लक्षात घेऊन म्हणतात. म्हणून हळू."

"देवाले पहिल्यांदाच समजते ना गा."

रब्बींना मात्र ते 'साहेब' म्हणत, 'तुम्हाले' म्हणत; विनातिकीट प्रवाशाशी बोलावं तितक्या अदबीनं.

रब्बी भर मे महिन्यातही रुंद काळी टोपी घालत. एका शनिवारी काकांच्या डोक्यावरही काळी टोपी आली. लग्नातल्या बँडवाल्यांचे कपडे विकणाऱ्या इतवारीतल्या दुकानातून आणलेली, थेट कानांवर टेकणारी. आम्ही ओठ चावत बसलो. रब्बी मनापासून म्हणाले, "छान दिसते, काका." ती टोपी पुन्हा कोणाला दिसली नाही.

पुढच्या शनिवारी काकाच दिसले नाहीत. काकू एकट्या आल्या. "गुडघा दुखून राहिला म्हणे त्यायचा," त्यांनी निरोप दिला, आणि बायकांत बसता बसता पुटपुटल्या, "सकाळी तर गच्चीवर जाऊन माकडं हाकलली."

दहावा नाही, प्रार्थना अडली. काकांना नेमकं हेच हवं होतं, हे आम्हाला कळत होतं. रब्बींनाही कळलं असावं. त्यांनी पुस्तक मिटलं. "चला," ते म्हणाले, "त्यांच्याकडे जाऊ."

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाहनात बसायचं नाही. आमची वरात रणरणत्या उन्हात, दवाखान्यांच्या पाट्यांखालून, धंतोलीपर्यंत पायी निघाली. पुढे काळ्या कोटातले रब्बी, मागे घाम पुसणारे आम्ही, शेवटी काकू.

काकांचं दार उघडंच होतं. ते आमच्याकडे पाठ करून, पश्चिमेच्या, जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीकडे तोंड करून, दुखऱ्या गुडघ्यावर भक्कम उभे होते आणि एकटेच प्रार्थना म्हणत होते. चाल ओळखायला मला वेळ लागला. ती काकांची नव्हती. रब्बींची होती, सावकाश, शब्दाशब्दाला थांबणारी.

रब्बी उंबऱ्याशी थांबले. योग्य जागा आल्यावर त्यांनी हलकेच 'आमेन' म्हटलं.

काका वळले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना पाहिलं, मग घामानं निथळणाऱ्या रब्बींना पाहिलं, आणि मनगटावरचं घड्याळ ठोकलं.

"उशीर झाला तुले."