धाकट्याचा निळा सदरा

मावशींना मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. मालिकांच्या कपडेपटात नऊ वर्षं त्या शिवत होत्या आणि शेजारच्या टेबलावर मी इस्त्री करत होतो, एवढंच. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तरी मीही त्यांना मावशीच म्हणायचो. घरी कोण असतं, हेसुद्धा कधी विचारलं नाही.

त्या सकाळी मालिकेत नवं पात्र यायचं होतं. घरातलं धाकटं भावंड, कधी स्वतःला मुलगा मानणारं, कधी मुलगी, कधी दोन्ही नाही. मला त्यातलं फार कळत नव्हतं. दिग्दर्शकांनाही नसावं, कारण त्यांनी अर्धा शर्ट आणि अर्धा फ्रॉक मधोमध जोडून द्यायला सांगितला होता.

मावशींनी कात्री खाली ठेवली. "हे सर्कशीत कामाला आहे का?"

"लोकांना कळलं पाहिजे ना, मावशी," दिग्दर्शक म्हणाले.

"मग गळ्यात पाटी अडकवा. कापड तरी वाचेल."

लाइटवाला खो खो हसला. दिग्दर्शक हसले नाहीत. "बारापर्यंत दुसरं काही दाखवा. नाहीतर हेच कॅमेऱ्यापुढे जाईल."

दहा वाजले होते. मावशींनी पिशवीतून कापड बेतायचा, मापाचा कागद काढला. घड्यांवर विरलेला, कडांना पट्ट्या चिकटवून वाढवत नेलेला. नव्या पात्रासाठी इतका जुना कागद कुठून, हे माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"आमच्या घरच्या लेकराचा आहे," त्या म्हणाल्या. "दरवर्षी वाढवते. ते टीव्ही बघतं, दादा. आपल्यासारखं कुणी दिसलं की लोक हसतात, एवढंच बघितलंय त्यानं आजवर."

मग मशीन जे सुटलं ते सुटलंच. निळं कापड सुईखालून पळत होतं. बाही झाली की माझ्याकडे, कॉलर झाली की माझ्याकडे. मी वाफ सोडतोय, त्या दाताने दोरा तोडतायत, लाइटवाला दाराशी उभा राहून किती मिनिटं उरली ते ओरडून सांगतोय. इतकी घाई आणि इतकी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती.

बाराला पाच कमी असताना कलाकारानं सदरा चढवला. कमरेची नाडी ओढली तर घेर आला, सोडली तर सरळ पडला. मग हात खाली गेले. "अरे, याला खिसे आहेत." आणि खिशात हात घालून ते पात्र असं काही ऐटीत चालू लागलं, की सेटवर कुणाला हसायचं सुचलंच नाही.

दिग्दर्शक कॅमेऱ्याकडे वळले. "दिवे लावा," एवढंच म्हणाले.

तो भाग शुक्रवारी दाखवणार होते. मी निवृत्त होत होतो, माझ्या नोकरीचाही तोच शेवटचा दिवस. त्या संध्याकाळी सहाला मावशी पर्स खांद्याला अडकवत निघाल्या.

"साडेसातला आहे, दादा. लेकराजवळ बसून बघणार आहे. तुम्हीही बघाल ना?"

"बघतो की. तुमची बस जाईल, निघा."

"जाऊ दे, दुसरी मिळेल," असं म्हणत त्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होत्या.