भाकरीसाठी एक सॉकेट

लोकांकडे लग्नातले किस्से असतात, प्रवासातले असतात, ऑफिसातले तर पोत्यानं असतात. आमच्याकडे एका सॉकेटचे आहेत. मुद्दाम जमवायला कोण बसलं होतं? पण डमडमच्या आमच्या भाड्याच्या घरात एक सॉकेट बसवायचं निघालं आणि बघता बघता इतके साठले, की आता पाहुणे आले की चहाआधीच कुणीतरी विषय काढतं.

झालं असं, की माझी बँकेतून कोलकात्याला बदली झाली. नितीनचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, काम कॉम्प्युटरवरचं. ते कुठूनही होतं. प्रश्न होता आप्पांचा, माझ्या सासऱ्यांचा. सासूबाई गेल्यापासून ते कराडजवळच्या गावी एकटेच. मागच्या थंडीत चार दिवस तापानं पडून होते आणि आम्हाला ते शेजाऱ्यांकडून कळलं. त्यांनी आमच्याकडे कायमचं यावं म्हणून मी जंग जंग पछाडलं. त्यांचं आपलं एकच: "तिकडं मला भाकरी मिळायची न्हाई." आणि भाकरी म्हणजे ताज्या दळलेल्या ज्वारीची. पिशवीतलं पीठ त्यांच्या लेखी मेलेलं. म्हणून मी हट्टानं घरघंटी कोलकात्याला नेली. तिथं पोचल्यावर कळलं, की तिचा तो जाडा तीन पिनांचा प्लग जाईल असा सॉकेट त्या स्वयंपाकघरात नाहीच.

*

आमचे घरमालक घोषबाबू खालीच राहतात. सॉकेट खुशाल बसवा म्हणाले, फक्त भिंतीला छिन्नी लावायची नाही. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. भिंतीत जुना बॉक्स आहे, काय करायचं ते त्यातच करा.

नितीन म्हणाला, त्यात काय, मीच बसवतो. अमेरिकेतले सर्व्हर हा माणूस घरबसल्या सांभाळतो! त्यानं मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले, रबरी चपला घातल्या, जिन्यात जाऊन मेन स्विच बंद केला आणि बॉक्सला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. आमची वीज चालूच होती.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. बंद झाला होता तो घोषबाबूंचा मेन. खाली फुटबॉलची मॅच रंगात आलेली, खेळाडू पेनल्टी मारायला धावत सुटलेला, आणि नेमका तेव्हाच टीव्ही गेला. घोषबाबू दारात उभे. आता घर खाली करा म्हणतात की काय, असं मला वाटलं. पण ते रागावले नाहीत. अगदी हळू आवाजात त्यांनी नितीनला विचारलं, "गोल हुआ क्या?"

*

मग बिमलदांना बोलावलं. आमच्या भागातले सगळ्यात जुने इलेक्ट्रिशियन, साठी उलटलेले, आत्ता येतो म्हणून चौथ्या दिवशी येणारे. त्यांनी बॉक्स उघडला. आत वायरींचा गुंता, आणि सगळ्याच्या सगळ्या लाल! फेज कुठली, न्यूट्रल कुठली, कशाचा कशाला पत्ता नाही. बिमलदा खूप हळहळले. असं काम करणाऱ्याला चौकात उभं करून जाब विचारला पाहिजे, म्हणाले. नितीननं विचारलं, मग हे काम केलं तरी कुणी?

बिमलदांनी एक वायर चिमटीत धरून जवळून पाहिली.

"मीच," म्हणाले.

नवा सॉकेट मागून चांगला जाडजूड. तो आत गेला की वायरी बाहेर, वायरी कोंबल्या की सॉकेट बाहेर. बिमलदांनी दोनदा चहा घेतला आणि बाकीचं उद्या बघू म्हणून निघून गेले. त्यांचा उद्या उजाडायच्या आत आप्पा येऊन थडकले. आले तेही फक्त पंधरा दिवसांसाठी, परतीचं तिकीट काढून. घरघंटी आणली आहे असं सांगून आम्ही त्यांना बोलावलं होतं. ती चालत नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं.

*

आप्पा निवृत्त वायरमन. चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेली. हावड्याहून टॅक्सीनं घरी येताना ते काचेला नाक लावून बाहेर बघत होते. मी ट्राम दाखवली, जुन्या हवेल्या दाखवल्या, त्यांचं लक्ष नाही. उत्तर कोलकात्यात एकेका खांबावर केबलींची केवढाली जंजाळं लोंबत असतात, ते सगळं ते मान वर करून न्याहाळत होते. घरी आल्यावर पाणी प्याले आणि म्हणाले, "हे शहर पेटत कसं न्हाई?"

मग त्यांना स्वयंपाकघरात भिंतीतून लोंबणारा सॉकेट दिसला. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, तेव्हाच मी घाबरले.

*

दुसऱ्या दिवशी बिमलदा आले तर त्यांच्या पाठीमागे आप्पा उभे. बिमलदांना मराठी येत नाही. आप्पांना बंगाली सोडाच, हिंदीही बेताची. भांडण मात्र व्यवस्थित झालं, कारण त्याला चारच शब्द लागले: फेज, न्यूट्रल, अर्थिंग आणि लोड. बिमलदा जुन्या बारीक वायरीवरच सॉकेट जोडणार होते आणि अर्थिंगला चक्क सुट्टी देणार होते. आप्पा जाऊन घरघंटीच्या झाकणावर बसले. अर्थिंग आल्याशिवाय उठणार नाही! मी भाषांतर करायला गेले तर दोघांनीही मला हातानंच गप्प केलं. तासाभरानं बिमलदा बाजारातून जाडी वायर घेऊन आले, अर्थिंगच्या हिरवीसकट.

आता ही वायर जुन्या पाइपातून घ्यायची. खाली मीटरपाशी बिमलदा, वर बॉक्सपाशी आप्पा. खालून "टानुन!" वरून "ओढा!" पंधरा मिनिटं झाली, वायर इंचभर हलेना. शेवटी घोषबाबूंनी चष्मा लावून आधी खालचं टोक पाहिलं, मग वरचं. दोघेही ओढतच होते! दोघेही आयुष्यभर उस्ताद. वायर आत सारायचं काम नेहमी दुसऱ्या कुणाचं, त्यामुळे ते आपल्याकडे येऊ शकतं हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. सारायला मग घरमालक स्वतः बसले, वायरीला टाल्कम पावडर चोळत.

*

बॉक्समधली गर्दी तरीही होतीच. आप्पा एकेक लाल वायर धरून ही कुठं जाते म्हणून खुणेनं विचारत गेले. निम्म्या वायरी कुठेच जात नव्हत्या. एक कधीच काढून टाकलेल्या पंख्याची, एक कुठल्याशा पूजेच्या रोषणाईची. आप्पा पकडीनं कापत चालले.

एका वायरीशी घोषबाबूंनी हात वर केला. ती घंटेची वायर होती. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ती खालून बटण दाबायची आणि वर, तेव्हा घोषबाबू राहायचे तिथं, घंटा वाजायची. आईला जाऊन वीस वर्षं झाली. मी आप्पांना हे सांगितलं. त्यांनी पक्कड खाली ठेवली, त्या वायरीच्या टोकाला टेप गुंडाळली, घडी घालून ती बॉक्सच्या कोपऱ्यात बसवली आणि तिच्यापुढे सॉकेट. बरोबर मावला. घोषबाबू उगाचच बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिले.

*

घरघंटी सुरू झाली. पहिली भाकरी आप्पांना, दुसरी बिमलदांना. बिमलदांनी ठेच्याबरोबर अख्ख्या दोन भाकरी संपवल्या, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि मला अदबीनं विचारलं, "भात कब आएगा?"

*

भाकरी रोज मिळू लागली, तरी आप्पांचं परतीचं तिकीट काही रद्द होईना. शेवटी मी सरळ विचारलं, की आता काय कमी आहे?

"दिवसभर मी करायचं काय गं इथं?" आप्पा म्हणाले. भाकरीचं ते निमित्त होतं, हे मला तेव्हा कळलं. बँकेत जाताना रस्ताभर वाईट वाटत राहिलं.

गाडीच्या आदल्या दिवशी सकाळी बिमलदा दारात. बागबाजारला एक जुनं घर आहे, एकट्या आजीबाई राहतात, त्यांना पलंगाजवळच्या जुन्या बॉक्समध्ये एक सॉकेट हवाय. वायरिंग लाकडी पट्टीवरचं, आजोबांच्या काळातलं. आपल्याला उमगत नाही म्हणाले, दादांना, म्हणजे आप्पांना, पाठवा.

आप्पा म्हणाले, "सांग त्याला, उद्या गाडी हाय माझी." मी सांगितलं.

"गाडी तर रोजच जाते," बिमलदा म्हणाले.

आप्पांनी सदरा चढवला आणि निघाले. संध्याकाळी परतले ते केसांपासून चपलांपर्यंत धुळीनं माखून. उद्या टॅक्सी किती वाजता सांगू, नितीननं भीत भीत विचारलं. आप्पा मोरीत पाय धूत होते.

"आज एक बॉक्स झाला," ते म्हणाले. "सव्वीस खोल्या हायत."