विज्ञानाची कोरी वही

आमच्या शाळेतली विज्ञानाची पेटी कुलपात असायची. आली तेव्हा तिचा फोटो काढला, तो वरच्या ऑफिसला पाठवला आणि पेटी कपाटात गेली. मुलांनी काही फोडलं तर भरून कोण देणार, ही मुख्याध्यापकांची काळजी. माणूस वाईट नव्हता, पण काचेच्या वस्तूजवळ मूल दिसलं की ते हातातलं काम टाकून धावत यायचे. मी त्या कपाटाचा नाद सोडला आणि भंगार गोळा करायला लागले.

सुप्याच्या अलीकडचं हे माळावरचं गाव. शेतांच्या बांधावर ठिबक सिंचनाच्या बारीक नळ्यांचे तुकडे पडलेले असायचे. सायकलच्या तारा, फुटक्या बांगड्या, रिकाम्या बाटल्या, सगळं मी पिशवीत घालायचे. मेडिकलमधून कोऱ्या सिरिंज आणायचे, बिनसुईच्या. नवरा म्हणायचा, शिक्षिका आहेस की भंगारवाली? मी म्हणायचे, दोन्ही, आणि दुसऱ्या कामात जास्त जीव रमतो.

सहावीत एक मुलगी होती. विज्ञानाचा तास आला की हिचं पोट दुखायचं. ढोंग नव्हतं ते, चेहरा खरोखर पांढरा पडायचा. आधीच्या वर्षांत व्याख्या पाठ करून उभं राहून म्हणायची पद्धत होती. एखादा शब्द अडला की वर्ग हसायचा आणि ही खाली मान घालून बसायची. विज्ञान म्हणजे चारचौघांत फजिती, एवढंच तिला ठाऊक होतं.

एका दुपारी मी दोन सिरिंज घेतल्या, मधे ठिबकची नळी जोडली आणि आत पाणी भरलं. एक तिच्या हातात दिली, दुसरीच्या दांड्यावर एक काड्यापेटी ठेवली. म्हटलं, दाब. तिने भीत भीत दाबलं आणि काड्यापेटी वर उचलली गेली. तिने सोडलं, पुन्हा दाबलं. मी वर्गात फिरून आले तरी तिचं तेच चाललेलं. मग एकदम मान वर करून म्हणाली, "बाई, जेसीबीचा हात असाच उचलतो का?"

बाहेर तेव्हा कुणाच्या तरी शेततळ्याचं खोदकाम चालू होतं आणि त्याचा आवाज वर्गात येत होता. मी म्हटलं, असाच, फक्त आत पाण्याऐवजी तेल असतं. शाळा सुटल्यावर ही दप्तरासकट तिकडे गेली आणि ड्रायव्हरला तेल कुठं असतं ते विचारून आली. इतकी वर्षं शिकवते आहे, पण त्या दिवशीसारखा आनंद मला क्वचितच झाला असेल. घरी जाताना मी एकटीच हसत होते.

त्यानंतर पोटदुखी गेली आणि प्रश्न आले. दूध उतू जातं, मग पाणी का नाही? आरशात डाव्याचं उजवं होतं, मग वरचं खाली का नाही होत? काही प्रश्नांची उत्तरं मलाही घरी जाऊन शोधावी लागायची. वर्गातली बाकीची पोरंही हळूहळू तिच्या वळणावर गेली. आमच्या वर्गात गोंगाट फार आणि लिहिणं कमी, असं चालायचं.

आणि तिथंच माशी शिंकली. आमच्या भागात शाळा चांगली की वाईट हे आईबाप वहीवरून ठरवतात. संध्याकाळी कामावरून आलं की पोराचं दप्तर उघडायचं आणि वह्या चाळायच्या. पानं भरलेली आणि खाली लाल शाईची बरोबरची खूण असली की शाळा चांगली. माझ्या वर्गाच्या विज्ञानाच्या वह्या जवळजवळ कोऱ्या होत्या. गावात बोलणं सुरू झालं, बाई पोरांना खेळवत बसतात. त्यातच सुप्याच्या बाजूच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस गावात यायला लागली.

त्या मुलीचे वडील एमआयडीसीत कंपनीत होते. सरळ माणूस, पोरीवर जीव टाकणारा. एक दिवस शिफ्ट सुटल्यावर तसेच शाळेत आले, तिच्या दप्तरातून वही काढून माझ्यासमोर उघडली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं समदं चांगलं हाय. पन पोरगी पुढं शिकली पायजे माझी. ह्या वहीत काय दिसतंय तुमीच सांगा."

मी त्यांना सिरिंज दाखवली. मुलगी काय काय विचारते ते सांगितलं. त्यांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं आणि वही दप्तरात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मी फळ्यावर उत्तरं लिहून द्यायला लागले. पोरं कंटाळून उतरवून घ्यायची, मी लाल खुणा करायचे आणि स्वतःचाच राग यायचा. उपयोग काही झाला नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा इंग्रजी शाळेत तिचा प्रवेश झालेला होता. तिच्या आईने चहा केला, मुलगी उंबऱ्यात बसून राहिली. मी उठले तशी फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आली. मला रडू येत होतं, पण पोरीसमोर रडायचं नाही म्हणून मी भरभर चालले.

पुढच्या वर्षी सुप्याच्या बाजारात ती वडिलांबरोबर दिसली. उंच झाली होती, वेण्या घट्ट बांधलेल्या. वडिलांना मला बघून खराच आनंद झाला. त्यांनी तिला म्हणून दाखवायला सांगितलं आणि तिने वनस्पती अन्न कसं तयार करतात ते इंग्रजीत एका दमात म्हटलं. कुठेही अडली नाही. शेजारचा भाजीवालाही कौतुकाने बघायला लागला.

त्याच्यासमोर मेथीच्या जुड्या होत्या. मी एक उचलली आणि म्हटलं, या पानात ते आता चालू असेल का गं? तोडलेल्या पानात?

तिने जुडीकडे बघितलंच नाही. वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "ते मॅडमनी अजून लिहून दिलं नाही, बाई."

मी जुडी हातात धरून थांबले. वाटलं, आत्ता विचारेल काहीतरी, काहीही. ती चपलेच्या टोकाने माती उकरत उभी राहिली.

वडील तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "पयल्यांदा लई डोकं खायाची हो बाई, हे का अन् ते का. आता काय बी विचारत न्हाई. एकदम शांत झालीया."

मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार होते मी त्या माणसाला?