साताच्या शेपटीची खाच

त्या तिरक्या अक्षरांची केस अजून डोक्यातून जात नाही. दोन हजारनंतरची ती वर्षं. मी भाईंदर पूर्वेला फौजदार होतो आणि मोटरसायकल चोरांनी आमचा जीव मेटाकुटीला आणला होता. एकदा चोरीची एक गाडी सापडली. तिच्या खोट्या नंबरप्लेटवर रेसच्या गाडीसारखे पुढे झुकलेले, टोकदार आकडे होते. खबऱ्या बघताक्षणी म्हणाला, "साहब, ये तो नवघरवाले रेडियम चाचा का हाथ है. ऐसा दूसरा कोई नहीं काटता."

जीप घेऊन थेट नवघर गाठलं आणि सगळ्या गावासमोर त्या रेडियमची स्टिकर कापणाऱ्या म्हाताऱ्याला दुकानातून उचललं. तेव्हा मला फार घाई असायची.

ठाण्यातल्या बाकड्यावर बसून दुपारपर्यंत त्याचं एकच पालुपद. "अक्षर माझं हाय, पन कापलंय मी न्हाय. नंबरप्लेटीला मी सरळच आकडे लावतो. तिरके फक्त टाकीवर." बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको हवालदाराला म्हणत होती, "गाव चोर म्हनाया लागलं तर आमचे दुकानाची पायरी कोन चढल?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी रेडियमचा कागद आणि ब्लेड मागवलं. म्हटलं, "तोच नंबर माझ्यासमोर काप." त्याने पट्टीसुद्धा न लावता भराभर आकडे कापले. जप्त प्लेटशेजारी ठेवले, तर हुबेहूब! मी खूश. पण तो त्या प्लेटवर वाकून बघत राहिला आणि चक्क हसला.

"साहेब, ह्ये दोन सात बघा. दोघांचे शेपटीला एकाच जागी खाच हाय. ब्लेड घसरला तर एकदा घसरल. दोनदा तिथंच कसा घसरल?"

मग त्याला आठवलं. पूनम सागर वसाहतीजवळच्या एका दुकानदाराने स्टिकर कापायचं कॉम्प्युटरवालं मशीन आणलं होतं. त्याने म्हाताऱ्याकडून सगळी अक्षरं आणि आकडे नमुना म्हणून कापून घेतले होते. त्यातल्या साताला ब्लेड घसरलं होतं. चालतंय म्हणून याने तसाच दिला, आणि मशीनने चुकीसकट उचलला.

पंचांना घेऊन तिथे गेलो. पडद्यावर सात उघडायला लावला. खाच होतीच. दुकानदाराने लगेच कबूल केलं. गाडीचे कागद न बघता तो प्लेटी बनवून द्यायचा. कोणाला, तेही त्याने पटापट सांगितलं. त्याच आठवड्यात दोन चोर आत गेले.

दुकानदार सापडला त्याच संध्याकाळी म्हाताऱ्याला म्हटलं, "चला काका, जीपने सोडतो." सकाळपासून अरेतुरे करत होतो, ते आपोआप सुटलं.

"जीप नको. सकाली जीपमधे बघलंय सगल्यांनी. माझे संगती चालत चला."

चाललो. वर्दीत, त्यांच्या शेजारून, पूर्ण गावातून. दुकानापाशी माणसं जमली. तिथे सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी होती. काकांमुळे केस सुटली." लाज वाटली, पण बरंही फार वाटलं. काकींनी चहा ठेवला.

तेव्हापासून कोणालाही उचलण्याआधी त्याचं काम नीट बघायची सवय लावून घेतली. पुढे एकदा माझ्याच गाडीची प्लेट करायला काकांकडे गेलो. गंमत म्हणून म्हटलं, "टाका की तुमचे तिरके आकडे!"

काकांनी ब्लेड खाली ठेवलं. "न्हाय साहेब. प्लेटीला सरळच. तुमचे ठान्यातला बाकडा लय टोचतो."