मास्तरांनी घालवलेला पूर्वज

आमच्या गावात नवा माणूस आला आणि मास्तरांनी त्याला गाव दाखवलं नाही, असं कधी झालं नाही. माळव्यातलं, तिरल्याजवळचं हे एवढंसं गाव. बघण्यासारखं काय डोंबल असणार? एक बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, एक पडका बुरूज, मारुती आणि ओढ्याकाठी कुणाच्या तरी समाधीवरची छत्री. पण माझा मेहुणा लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा त्याला चहासुद्धा घेऊ न देता त्यांनी भर उन्हात दोन तास फिरवलं. "रुको भिया, बावडीच्या पायऱ्या मोजल्याशिवाय जावई पक्का होत नाही!" बिचारा अजून गुडघे चोळत आठवण काढतो.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, एकटे. दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे, आबासाहेबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या शेजारी. ती छत्री आमच्या पूर्वजाची, दरबारातल्या एका सरदाराची, हे मास्तरांनीच ठरवलेलं. आबासाहेब इतके खूश, की दर सर्वपित्रीला तिथे खीर-वड्यांचं पान ठेवायची चालच पडली. आम्हा जुन्या मराठी घरांचं हे असंच. माळव्यात कुठेही छत्री दिसली की ती आमच्याच खापरपणजोबांची!

पाच वर्षांपूर्वी मास्तर छत्रीतला चुना खरवडायला बसले. आठवड्याने खालच्या दगडावर कोरलेला बैल निघाला, पाठीवर गोण्या लादलेला. ते तसेच चुन्याच्या हातांनी आमच्या ओट्यावर येऊन टेकले. मी म्हटलं, "मास्तर, जाऊ द्या ना. पुन्हा चुना फासू. कुणाला कळतंय?"

"थकलो रे भिया. पण अख्ख्या गावाच्या पोरांना मी खोटं शिकवलं," म्हणाले आणि आत गेले. "आबासाहेब, माझी चूक झाली. सरदार घोड्यावर असतो, गोण्यांच्या बैलाबरोबर नाही. ती बैलांवरून मीठ-धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्याची समाधी आहे."

आबासाहेबांचा पारा चढला. "याचं पान या घरात पुन्हा मांडायचं नाही!" आईने हातापाया पडून पाहिलं. मास्तरांनी चपला घातल्या आणि निघाले.

त्यानंतर ते स्वतःच खिचडी शिजवायचे. मी चोरून डबा नेला तर परत पाठवायचे. पाहुण्यांना छत्री दाखवताना आधी आपली चूक सांगायचे. सर्वपित्रीला एकटेच पान घेऊन तिथे जायचे. मला म्हणायचे, "बंजारा इतकी वर्षं तुमच्या घराच्या नावावर जेवला, आता उपाशी ठेवू काय?" दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये निरोप नेऊन नेऊन मी अगदी कंटाळून गेलो. कुणीच ऐकेना.

गेल्या पौषात मास्तर गेले.

यंदा सर्वपित्रीला आबासाहेब आईला म्हणाले, "दोन पानं दे." काठी टेकत, दर दहा पावलांवर थांबत ते माझ्याबरोबर छत्रीपर्यंत आले. एक पान बंजाऱ्यापुढे ठेवलं, दुसरं त्याच्या शेजारी, मास्तरांसाठी. दोन्हींभोवती त्यांनी पाणी फिरवलं.

"त्याला 'चल जेवायला' एवढंच म्हणायचं होतं रे," ते म्हणाले. "चार वर्षं रोज दारावरून जात होता."