कॉस्टिकमध्ये घातलेली दोन बोटं

परीक्षकाने माझ्या मुलीचं मनगट धरलं, तिच्या हातातला बीकर काढून घेतला आणि सगळ्या मुलींदेखत तिला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभं केलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची सेंद्रिय रसायनाची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि अजून दीड तास बाकी होता. तिचा गुन्हा एवढाच की तिने कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दोन बोटं घातली आणि एकमेकांवर चोळून पाहिली.

मी कॉलेजच्या फाटकापाशी डबा घेऊन बसले होते. ती वेळेआधी बाहेर आलेली दिसली तेव्हा मला वाटलं, लवकर संपवून आली. ती रडत नव्हती. परीक्षकाने तिच्या नखांतला रंग पाहून बापाचा धंदा विचारला होता. तिने विणकर म्हणून सांगितलं. त्यावर तो जे बोलला ते तिने मला तिथेच, उन्हात उभ्या उभ्या सांगितलं. "ही प्रयोगशाळा आहे, तुझ्या घरचं रंगाचं घमेलं नाही."

ती बोटं मी शिकवली होती. आमच्या घरी माझे मालक माग चालवत आणि सूत रंगवायचं काम माझं. नॅप्थॉल, म्हणजे रंगाची पहिली पूड, कॉस्टिकच्या पाण्यात विरघळवायचं, त्यात सुताच्या लड्या भिजवायच्या, पिळायच्या, आणि मग रंगाचं मीठ आणि बर्फ टाकलेल्या दुसऱ्या पाण्यात बुडवायच्या. तिथे पिवळट सूत डोळ्यादेखत लाल होतं. कॉस्टिक कमी पडलं तर नॅप्थॉल फुटतं, जास्त झालं तर सूत खातं. ते पुरेसं आहे की नाही हे कळायला आमच्याकडे कागद नाही, यंत्र नाही. दोन बोटं घालायची. साबणासारखी सरकली की झालं. माझ्या सासूने मला असंच शिकवलं, मी मुलीला शिकवलं. तिच्या टेबलावर लिटमसचा कागद ठेवलेला होता. पण सात-आठ वर्षांची सवय, हात आधी गेला. मी तिला बोलले नाही. मी स्वतःवर चिडले, आणि त्याहून जास्त त्या माणसावर. तिचं उत्तर बरोबर होतं. पदार्थ तिने ओळखला होता, कागदावर नाव लिहिलं होतं. मग नापास कशाबद्दल केलं? बोटांबद्दल?

निकाल लागला तेव्हा मी तिला घेऊन कॉलेजात गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, काही होत नाही, विषय पुन्हा द्यायचा, लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. मी माझे दोन्ही तळवे त्याच्या खिडकीवर ठेवले. म्हटलं, हे पाहा, ह्या हातांनी रंगवलेलं नेसून तुमच्या घरच्या बायका हळदीकुंकवाला जातात. त्याने वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

मी चौथी पास. मला कॉलेजचे नियम कळत नाहीत, पण नापास झालेल्या मुलीला वर्गात बसू द्यायचं नाही, हा नियम कोणाच्या डोक्यातून निघाला हे मला अजून कळलेलं नाही. ज्याला येत नाही त्यालाच शिकवायचं असतं ना? मग कोणीतरी तिला सांगितलं की दुसऱ्या शहरातला एक क्लास पोस्टाने धडे पाठवतो. दर पंधरा दिवसांनी लिफाफा येणार, ते वाचून उत्तरं लिहून पाठवायची, तपासून परत येणार. तिने नाव घातलं.

घरात माझे मोठे दीर बोलत असत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं म्हणणं पक्कं होतं. पुन्हा एकदा बसू दे, म्हणाले, आणि ह्या वेळी नाही झालं तर पोरीने घमेल्यापाशी बसावं, तिचे हात तिथेच शोभतात. तिकडे उमरेडच्या एका शाळेला विज्ञान शिकवायला पदवीवाली मुलगी पाहिजे होती. मुख्याध्यापिकेने तोंडी सांगितलं होतं, पुढच्या निकालापर्यंत थांबते, त्यानंतर नाही. म्हणजे एक परीक्षा. तिच्या एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला जन्मभर कॉस्टिक.

पोस्टाच्या त्या धड्यांबद्दल मी चांगलं बोलू शकत नाही. जांभळ्या शाईने छापलेले कागद, अर्धे पुसट. सहा कोनांच्या आकृत्या असायच्या, त्यातल्या दोन-तीन कोनांच्या रेघाच उमटलेल्या नसत. मुलगी उजेडाकडे धरून अंदाजाने पूर्ण करायची. सातवा धडा पाचव्याच्या आधी आला. सहावा आलाच नाही. तिने पत्र लिहिलं, उत्तर आलं की पाठवला आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. पोस्टमन सायकलवरून उतरायच्या आधीच मान हलवायचा. तपासलेली उत्तरं यायची ती महिना-दीड महिन्याने, आणि त्यावर लाल शाईत एकच शब्द, ठीक. काय ठीक, कुठे ठीक, काही नाही. पैसे घेऊन असं काम आम्ही केलं असतं तर व्यापाऱ्याने लुगडं तोंडावर फेकलं असतं.

तो न आलेला सहावा धडा नेमका आमच्याच रंगाचा होता. सीताबर्डीच्या बाजारातून एक जुनं, पानं सुटलेलं पुस्तक तिने आणलं होतं, त्यात त्या भागाची चारच पानं शिल्लक होती. एका दुपारी मी लड्या बुडवत होते आणि ती ती पानं घेऊन उंबऱ्यात बसली होती. तिने विचारलं, "माय, आपण बर्फ काहून टाकतो वं?"

"नाही टाकला तं पाणी फेसाळते. फेसाळलं की रंग मेला."

"फेस काहून येते?"

"ते तुया पुस्तकाले विचार. मले फेस दिसते, तेवढंच मले ठाऊक."

ती पानावर वाकली आणि बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली की त्यातून नायट्रोजन नावाचा वायू उडून जातो, आणि तो उडाला की रंग जोडणारं काही उरतच नाही. मी म्हटलं, मग फेस म्हण की वायू म्हण, उडून गेला की सूत पिवळंच राहते. त्यानंतर रोज दुपारी ती माझ्या कामाजवळ वही घेऊन बसू लागली. मी करायचं, का करतो ते तिने पुस्तकात शोधायचं. कधी मी सांगितलेलं पुस्तकात सापडायचं, कधी पुस्तकातलं माझ्या घमेल्यात खरं निघायचं नाही, आणि मग आम्ही भांडायचो. सहावा धडा असा तयार झाला. वहीची अकरा पानं. क्लासने त्याचेही पैसे घेतले होते.

पण धडा पाठ करून भागणार नव्हतं. हाताची सवय मोडायची होती. मी ठरवलं, वर्षभर ती रंगाला बोट लावणार नाही. तिला बांबूची काडी दिली, लिटमसचा कागद आणून दिला. ढवळायचं काडीने, पाहायचं कागदाने. बोट खाली गेलं की मी ओली लडी मनगटावर मारायची. पहिल्या महिन्यात तिचं मनगट रोज लाल असायचं. शेजारीण भिंतीवरून पाहायची. "काय वं, पोर सोवळ्यात आहे का? कशालेच शिवून नाही राहिली." दीर म्हणाले, काडीने रंगवलेल्या सुताला तेज येत नाही, गिऱ्हाईक परत करेल. खरं सांगायचं तर थोडंसं खरंच होतं. त्या वर्षी दोन वेळा रंग फिका पडला. मी तो माल स्वतः पुन्हा रंगवला आणि कोणाला बोलले नाही.

मला राग ह्याचा यायचा की मी तिला जे मोडायला शिकवत होते ते चूक नव्हतं. बोटांनी पाहणं हे खरं पाहणं होतं. त्या परीक्षकाच्या लिटमसपेक्षा माझी बोटं कमी नव्हती. पण परीक्षा त्याची होती, म्हणून आमच्या घरचं शहाणपण मी माझ्या हाताने माझ्या मुलीच्या अंगावेगळं करत होते. कॉस्टिक अंगावर घेतलेल्या बाईला कोणी सांगू नये की ते धोक्याचं असतं. मला ठाऊक आहे. माझ्या बोटांना ठसे नाहीत, बँकेत अंगठा उठत नाही. तरी त्या माणसाने धोका म्हणून तिला थांबवलं नव्हतं. त्याने धंदा विचारला होता.

परीक्षा एप्रिलात आली. नागपुरात एप्रिल म्हणजे काय हे विद्यापीठातल्या लोकांना दरवर्षी नव्याने कळतं. लेखी पेपर बरा गेला. प्रॅक्टिकलला ह्या वेळी परीक्षक दुसरे होते, वयस्कर. चार मुलींना एकच पदार्थ ओळखायला दिला होता, आणि तो ओळखायचा तर रंग काढून दाखवायचा होता. त्यासाठी बर्फ लागतो. बर्फ सकाळी आणून बादलीत ठेवला होता. दुपारी ह्यांची पाळी आली तेव्हा बादलीत नुसतं पाणी होतं. मुलीने बर्फ मागितला. तिथला नोकर म्हणाला, आहे त्यात करा. बाकी तिघींनी त्या कोमट पाण्यात केलं. तिघींच्या नळ्या फेसाळल्या आणि तपकिरी झाल्या.

आमच्याकडे बर्फवाला आला नाही की मी माठाच्या पाण्यात नवसागर विरघळवते. पाणी गार पडतं. बर्फाएवढं नाही, पण रंग धरण्यापुरतं. मुलीच्या टेबलावर नवसागराची बाटली होती, दुसऱ्या कुठल्यातरी कामासाठी ठेवलेली. तिने कोपऱ्यातल्या माठातून भांडंभर पाणी घेतलं, त्यात तो भरपूर टाकला, काचेच्या कांडीने ढवळला आणि नळ्या त्यात उभ्या केल्या. एकदाही बोट लावलं नाही. तिची नळी लाल झाली.

परीक्षकांनी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? ती म्हणाली, "पुस्तकात नाही सर. माझी आई असं करते." त्यांनी तिच्या आता रंग नसलेल्या नखांकडे पाहिलं, कागदावर काही लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. शाबासकी दिली नाही. ती मला हे सांगत होती तेव्हा मी विचारलं की त्या तिघींचं काय झालं. ती म्हणाली, त्या रडत होत्या. मी म्हटलं, त्यांना कोणी नवा बर्फ आणून दिला? नाही. चांगल्या घरच्या मुली होत्या, वर्षभर शिकवण्या लावलेल्या. त्यांच्या कागदावर चूक त्यांची म्हणून लागली, बादलीची नाही. त्यांच्यासाठी भांडायला मी त्या खिडकीवर परत गेले. कारकून बदलला होता. उत्तर तेच मिळालं.

निकाल जूनमध्ये लागला. मुलगी काठावर पास झाली, तिसऱ्या वर्गात, आणि जुलैपासून उमरेडला रोज सकाळच्या एसटीने जाऊ लागली. दिरांनी पेढे आणले. मी एक खाल्ला.

त्या टेबलावर त्या दिवशी चौघी होत्या. त्यातून पार पडली ती माझी मुलगी एकटी.