बाकीच्या रेघा कोणी नेल्या?

मी एकदा माझ्या विहिणीच्या घरून पेन ड्राइव्ह चोरला. चोरला म्हणजे चोरलाच. "चुकून आला", "हातातच राहिला" असलं गुळमुळीत मी लिहिणार नाही. विहीण आत चहा टाकत होती. मी उठले, त्यांच्या टीव्हीच्या कडेला खोचलेला तो लाल तुकडा उपसला आणि पोलक्यात टाकला. तेव्हा मी काही नादान पोरगी नव्हते. मुलाचं लग्न लावून मोकळी झालेली सासूबाई होते, बायकांच्या भांडणात जिचा शब्द शेवटचा धरतात अशी. आज नात मांडीवर लोळत असते आणि मला ते आठवतं, तेव्हा त्या बाईची कीव येत नाही, हसूच येतं. अशी बाई शेजारी राहत असती तर मी तिला माझ्या घरात एकटी सोडली नसती.

झालं असं, की लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा मुलानं मोठा टीव्ही आणला. पंचावन्न इंची. आसेगावच्या आमच्या घरात बसायची खोली ती केवढी. टीव्हीनं अर्धी भिंत खाल्ली आणि कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं. पहिल्या संध्याकाळी बातम्या लावल्या. बातम्या देणाऱ्या बाईच्या भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ. मी म्हटलं, "आता लग्नाचं लाव."

त्या फिल्मवर माझा भारी जीव. आमच्याकडे लग्नात सगळं पांढरं. नवरी पांढऱ्यात, नवरदेव पांढऱ्यात, बायकाही निम्म्या पांढऱ्यात. त्या पांढऱ्यात आपण उठून दिसावं म्हणून मी निळ्या काठाची साडी शोधली होती, काठावर बारीक पिंपळपानं विणलेली. तिच्यासाठी वाशिमच्या दुकानदारांनी माझ्यापुढे एवढे गठ्ठे सोडले, की शेवटी ते मला पाहून आत जायला लागले. बुद्धवंदना झाल्यावर सगळ्यांच्या पुढे उभी राहून मी फुलं उधळते. तेवढा तुकडा फोनवर मी किती वेळा पाहिला असेन. सासू अशीच असावी, असं माझंच मला वाटायचं.

सुनेनं पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर आमचं लग्न आलं आणि मला वाटलं, माझ्या चष्म्यावर कोणी तूप लावलं. सगळ्या पांढऱ्या साड्या मिळून एकच ढग झालेला. त्यावर चेहरे तरंगत होते, नाकडोळे पुसलेले. मग फुलं उधळायची वेळ आली. जशी फुलं हवेत गेली तसा सगळा पडदा चौकटी-चौकटींचा झाला आणि त्या चौकटींच्या मधोमध एक निळसर डाग हात हलवत होता. तो डाग म्हणजे मी.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"फाईल हलकी आहे ना आई," सून म्हणाली. "सेव्हन ट्वेंटीची आहे."

आमचे हे बाजेवर बसले होते, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ते म्हणाले, "मले तं चांगलंच दिसून राह्यलं. ऑपरेशनच्या आधी तू मले अशीच दिसत होती."

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. "सातशे वीस काय? कायचे सातशे वीस?"

"रेघा, आई. चित्र असं वरून खालपर्यंत बारीक रेघांचं बनते. याच्यात सातशे वीस आहेत."

"आन आपल्या टीव्हीत किती मावतात?"

"दोन हजार एकशे साठ."

मी मनात भागाकार केला. बरोबर तीन हिश्शांतला एक हिस्सा. "मंग बाकीच्या रेघा कोणी नेल्या?"

सून खळखळून हसली. मी हसले नाही.

कारण मला माहीत होतं कोणी नेल्या. फोटोग्राफर दोन्ही घरांनी मिळून ठरवला होता. आहेर, पंगत, मांडव, कशातच दोन्ही बाजूंनी एकमेकांचा हात वर जाऊ दिला नव्हता. आणि त्याच महिन्यात मी मंगरूळपीरला विहिणीकडे हीच फिल्म डोळ्यांनी पाहिली होती. तिथं काय ते चित्र! विहिणीच्या बांगड्या वेगवेगळ्या दिसत होत्या, माझ्या काठावरची पानं दिसत होती. फोटोग्राफरही मंगरूळचा, त्यांच्या गल्लीच्या पलीकडचा. म्हणजे दोन हिस्से तिकडे, एक हिस्सा वरपक्षाला. माझा हिशोब पक्का झाला.

सुनेला मी खोदून विचारलं, "तुझ्या माहेरी दुसरी फाईल हाय का?"

"नाई आई. दोन्हीकडे एकच दिली त्यानं. मी त्याले चांगली मागतो ना."

"मागतो" म्हणाली आणि दिवस जायला लागले. दर दोन दिवसांनी मी विचारायची, ती म्हणायची, "सांगितलं त्याले, शोधून राह्यला." शोधून राह्यला! लग्न काय सुई आहे हरवायला? मला तिच्या हसण्यातही काहीतरी दिसायला लागलं. ती फोनवर आईशी बोलताना "फाईल" म्हणाली, की माझा हात तव्यावर थांबायचा आणि पोळी करपायची.

आता खरं सांगते. ती पोर माझ्या घरात नुकती रुळत होती. माहेरचा फोन आला तर उठून आत जात नसे, माझ्यासमोरच बोलायची. माझ्या गावात कितीतरी सासवा आहेत, ज्यांच्या सुनांनी वर्षानुवर्षं त्यांच्यासमोर माहेरचा फोन घेतलेला नाही. मी मात्र एका निळ्या काठापायी तो भरवसा उधळायला निघाले होते. तसं मला कळतही होतं. कळून करणाऱ्याला मूर्ख म्हणायचं की आणखी काही, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. ते निमित्त बरं होतं. पिशवीभर शेंगा घेतल्या आणि सुनेला म्हटलं, मंगरूळला दवाखान्यात जाऊन येते, गुडघा दाखवायचा आहे. बसमध्ये गुडघा खरंच दुखायला लागला.

विहीणबाईंनी दार उघडलं आणि माझ्या पिशवीकडे आधी पाहिलं. "ईनबाई! आज कसा काय रस्ता चुकला?"

"शेंगा आणल्या. म्हटलं, ताज्या आहेत."

"आमच्या वावरात बी तूरच हाय," त्या म्हणाल्या, पण पिशवी घेतली. त्याही काही कमी संशयी नव्हत्या. माझ्या पायापासून डोक्यापर्यंत एकदा नजर फिरवली आणि मगच चहा टाकायला आत गेल्या.

पुढचं मी वर लिहिलंच आहे. पेन ड्राइव्ह पोलक्यात गेला आणि मी जागेवर येऊन बसते न बसते तोच विहीणबाई कप घेऊन बाहेर. चहा हातात दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आल्याच आहात तं लग्नाचं लावू का? तुमाले मागच्या खेपेला लय आवडलं होतं."

आणि त्यांनी रिमोट उचलला.

"नको, नको!" मी एवढ्यानं ओरडले की चहा बशीत सांडला. "माझी बस चुकन."

"आत्ताच तं आल्या. दुसरी येईन ना."

"गुडघ्यावर बसायले जागा भेटत नाई दुसरीत."

"गुडघ्यावर कोण बसते, बाप्पा?" त्या म्हणाल्या.

मी उकळता चहा तसाच घशाखाली लोटला. निघताना त्या दारात उभ्या होत्या, रिमोट हातातच. मी कोपऱ्यावर वळून पाहिलं, तरी उभ्याच.

घरी आले तेव्हा सून गिरणीवर गेली होती. आमचे हे झोपले होते. मी आमच्या टीव्हीचा पेन ड्राइव्ह काढला, तो लाल लावला. बटणं दाबायला शिकले होते. लग्न सुरू झालं. तोच ढग. तेच पुसलेले चेहरे. फुलं उधळली, त्याच चौकटी, तोच निळा डाग हात हलवतोय. मी पुन्हा लावलं. टीव्हीच्या जवळ गेले, तर आणखी वाईट. मागे भिंतीला पाठ टेकेपर्यंत सरकले, तर जरासं बरं. म्हणजे? रस्त्यात बसमध्ये कोणी रेघा काढून घेतल्या का?

"हा तं आईचा आहे."

सून दारात उभी होती, डोक्यावर पिठाचा डबा. पेन ड्राइव्हच्या कडेला नेलपॉलिशचा एक ठिपका होता. तो तिनंच लग्नाआधी लावलेला. मला वाटलं, आता रडेल, नाही तर आईला फोन करेल. तिनं डबा खाली ठेवला, पीठ पुसलं आणि विचारलं, "दवाखान्यात हाच देला का डॉक्टरनं?"

ती हसत नव्हती, हे महत्त्वाचं.

मग तिनं दोन्ही पेन ड्राइव्ह आलटून पालटून लावले आणि पडद्यावर फाईलचं वजन, म्हणजे ती किती जीबीची ते, दाखवलं. एकसारखं, शेवटच्या आकड्यापर्यंत. "तिकडचा टीव्ही बत्तीस इंची आहे आई. तेवढ्याच रेघा लहान जागेत दाटीनं बसतात, म्हणून चांगल्या दिसतात. इकडे त्याच ताणल्या." मला ते लगेच समजलं. चार माणसांच्या वरणात पाणी ओतून पंगत उठवली, तर दोष पातेल्याचा नसतो. पण तेव्हा "समजलं" म्हणायची माझी हिंमत नव्हती.

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची, पण मोजून. आणि दोन दिवस माहेरचा फोन आला की उठून आत जायला लागली. मी इतकंच लिहिते.

तिसऱ्या दिवशी फोटोग्राफरनं खरंच उत्तर दिलं. मूळ चित्रण त्याच्या जुन्या डिस्कमध्ये सापडलं होतं. कोणत्या प्रकारचं काढून देऊ, म्हणून त्यानं नमुन्याचे तीन तुकडे पाठवले. सून मला न विचारता निवडू शकली असती. ती आली आणि म्हणाली, "तुमीच सांगा. नाई तं पुन्हा बस पकडसान."

मी म्हटलं, तिन्ही तुकडे फुलं उधळायचेच लाव. संथ प्रसंगात कोणतीही फाईल सभ्य दिसते, हे मला एव्हाना कळलं होतं. आणि मी माझ्या रोजच्या जागेवर बसले, बाजेच्या या टोकाला. टीव्हीला नाक लावून कोण पाहतं?

पहिल्या तुकड्यावर मोठ्या दिमाखात फोर के लिहिलेलं. सगळ्या रेघा हजर. मी खूश. पण फुलं उडाली आणि चौकटी आल्याच.

"हा लबाड हाय," मी म्हणाले.

सूनही पुढे सरकली. "थांबा, वजन पाहतो." वजन पाहिलं तर आमच्या जुन्या फाईलपेक्षा थोडंच जास्त. रेघा तिप्पट आणि माल तेवढाच, दाबून दाबून भरलेला.

दुसरा तुकडा टेन एटीचा. रेघा निम्म्या, पण वजनाला पहिल्याच्या दुप्पट. फुलं उडाली आणि फुलंच राहिली. पाकळी पाकळी वेगळी. पांढऱ्यातून पांढरं वेगळं निघालं; माझ्या मागे उभ्या बायकांच्या पदराच्या चुण्या दिसल्या.

तिसरा मूळ फोर के, सगळ्यात जड. काय चित्र होतं! पण पेन ड्राइव्हवरून तो पुढे सरकेचना. वंदनेचा आवाज पुढे, माणसं मागे. मी हात वर केला आणि तसाच राहिला, जणू कोणी मला फुलं टाकायची मनाई केली.

आमचे हे म्हणाले, "तिसरा घ्या. ही अशी गप उभी राह्यलेली मी कधी पाह्यली नाई."

आणि सून हसली. तीन दिवसांनी.

आम्ही दुसरा घेतला. तेव्हापासून मी कोणत्याही फाईलीच्या नावावर विश्वास ठेवत नाही. आता नात म्हणते, आजी, हे फोर के आहे. मी म्हणते, वजन दाखव, आणि जिथं गर्दी पळते तिथं लाव.

नवी फाईल सुनेनं लाल पेन ड्राइव्हमध्येही भरली आणि तो माझ्या हातात ठेवला. "तुमीच नेऊन द्या. मी आईले काई सांगितलं नाई."

या वेळी शेंगा नेल्या नाहीत. विहीणबाईंच्या टीव्हीसमोर उभी राहिले, पेन ड्राइव्ह पुढे केला आणि सगळं सांगितलं: रेघा, हिस्से, पोलकं, गुडघा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पेन ड्राइव्ह त्याच्या जागी खोचला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मले त्याच दिवशी समजलं होतं, ईनबाई. पण माही पोरगी तुमच्या घरात नांदून राह्यली, म्हणून तिले बी फोन करून इचारलं नाई. आता पुन्हा चोरी करायची असन तं हा टीव्हीच उचलून नेजा, चांगलं दिसणं तं त्याच्यात होतं."